फुलं, नारळ, नाणी आणि गाठोडं

एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, तेवीस माणसं गेली आणि थोड्याच दिवसांत दोष फुलांवर आला. कुणाचा तरी फुलांचा भारा पडला, कुणी 'फूल गिरा' म्हणालं, मागच्यांनी 'पूल गिरा' ऐकलं. वाचलेल्या एका प्रत्यक्षदर्शीच्या हवाल्याने ही गोष्ट इतकी पसरली, की त्या दिवसाचा विषय निघाला की आजही लोक आधी तीच सांगतात. त्यापूर्वी, २५ जानेवारी २००५ला, वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत जवळजवळ तीनशे जीव गेले तेव्हा नारळांवर बोट ठेवलं गेलं होतं: फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या. २००३च्या नाशिक कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर तीसहून जास्त भाविक मेले, तिथे एका साधूने उधळलेली चांदीची नाणी निघाली. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये नवी दिल्ली स्टेशनच्या जिन्यावर अठरा जण गेले, त्याचं कारण संसदेतल्या उत्तरात आलं ते असं, की एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं गाठोडं पडलं. आपल्याकडच्या चौकशीला दरवेळी एखादी वस्तू सापडते. ती हातात किंवा डोक्यावर मावेल एवढीच असते, आणि ती गर्दीतल्याच कुणाची तरी असते.

आता २०२७च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे, म्हणून अशा मृत्यूंचा दोष कुणाचा हा वाद पुन्हा रंगतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निवृत्त गृहस्थ दर दुर्घटनेनंतर 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' एवढं लिहितात आणि त्याला तीस-चाळीस अंगठे येतात. दुसरा गट म्हणतो, हे अंधश्रद्धेचे बळी, घरी बसून देव भेटत नाही का? तिसऱ्याला घातपाताचा वास येतो. तिघांचं आपसात पटत नाही, पण एका बाबतीत तिघेही एकच बोलतात: जे घडलं ते गर्दीच्या डोक्यात घडलं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. जे घडतं ते छातीत घडतं. माणसं मरतात ती फासळ्या हलायला जागा उरत नाही म्हणून, आणि ती जागा किती असावी हे ठरवणारा माणूस त्या गर्दीत कधीच नसतो.

शवविच्छेदनाच्या अहवालात अशा मृत्यूंपुढे बहुतेक वेळा 'ट्रॉमॅटिक अस्फिक्सिया' असं लिहिलेलं असतं. छातीवर बाहेरून दाब येऊन गुदमरणं, इतकाच त्याचा अर्थ. नाक उघडं असतं, तोंड उघडं असतं, भोवती हवाही असते. पण श्वास घ्यायचा तर छातीचा पिंजरा वर उचलला गेला पाहिजे आणि पोटाचा पडदा खाली उतरला पाहिजे. साध्या श्वासाला अर्धा लिटर हवा लागते, आणि तेवढ्या जागेसाठी पुढच्या-मागच्या माणसाने दोन बोटं सरकावं लागतं. तो सरकू शकत नाही. उलट तुम्ही श्वास सोडलात की मोकळी झालेली जागा मागचा रेटा लगेच खातो. ओरडलात तर उरलीसुरली हवाही जाते. दाब अचानक आणि जबर असेल तर आणखी एक गोष्ट होते. डोक्याकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरांना त्याला रोखतील अशा भक्कम झडपा नसतात, त्यामुळे रक्त उलटं वर फेकलं जातं. चेहरा आणि मान जांभळी-काळी पडते, डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक होतो, कातडीवर बारीक ठिपके उठतात. १८३७मध्ये पॅरिसला राजपुत्राच्या लग्नाचा सोहळा शाँ-द-मार्स मैदानावर झाला, त्यात चेंगरून मेलेल्यांची शरीरं तपासून ओलिव्हिए नावाच्या डॉक्टरने या चेहऱ्यांची नोंद करून ठेवली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं झाली हे माहीत होऊन. पायाखाली तुडवून हाडं मोडलेली माणसं आपण डोळ्यांपुढे आणतो, पण यातले कितीतरी जण उभ्याउभ्याच गेलेले असतात, अंगावर ओरखडाही न उठता.

यातला एक भाग आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. जांभळा चेहरा आणि लाल डोळे घेऊन आलेला माणूस पाहून नातेवाईक धाय मोकलतात, पण तो श्वास घेत असेल तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. ते डाग दोन-तीन आठवड्यांत विरतात. खरी भीती मेंदूची, कारण प्राणवायूविना चार-पाच मिनिटं गेली की तिथलं नुकसान भरून येत नाही. वाचलेल्यांना काही काळ गोंधळल्यासारखं होतं, मधला वेळ आठवत नाही, नजर धूसर होते. फासळ्या मोडलेल्या असतात, फुप्फुसाला मार बसलेला असतो. बराच वेळ दबून राहिलेल्याचे स्नायू फुटून ते द्रव्य रक्तात उतरतं आणि पुढे मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून 'मला काही नाही झालं' म्हणत घरी निघालेल्या माणसालाही तपासायचं असतं. आणि म्हणूनच दाब निघाल्यानंतरची पहिली मिनिटं मोलाची असतात. हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे, कारण एका देशात तो दडपून सत्तावीस वर्षं न्याय अडवला गेला.

आधी शब्दाचं बघू. हिंदीत याला 'भगदड' म्हणतात. त्यात धावपळ आहे. इंग्रजी वर्तमानपत्रं 'स्टँपीड' लिहितात, तो शब्द बिथरून पळणाऱ्या गुराढोरांचा. आपण म्हणतो 'चेंगराचेंगरी'. शब्दाचा पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे: माणसं चेंगरली. कोरियन लोकांकडेही असाच शब्द आहे, 'अप्सा', दाबून आलेला मृत्यू. सोलच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ला सव्वातीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत १५९ जण गेले, त्या संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी पोलिसांना पहिला फोन आला होता आणि फोन करणाऱ्याने हाच शब्द वापरला होता. अनर्थ झाला रात्री सव्वादहाच्या सुमारास. मधल्या वेळात आणखी दहा फोन आले. पावणेचार तास आधी एका सामान्य वाटसरूला जे दिसलं ते यंत्रणेला दिसू नये? मरणाऱ्यांमध्ये शंभरहून जास्त बायका होत्या. त्या कमी शिस्तीच्या होत्या असं तर कुणी म्हणणार नाही ना? उंची कमी असली की आपली छाती इतरांच्या कोपरांच्या आणि पाठीच्या रेषेत येते, वरची हवाही मिळत नाही.

पण आपल्या शब्दाचा दुसरा अर्धा भाग दगा देतो. मारामारी, ढकलाढकली, हमरीतुमरी: मराठीत असा जोडशब्द आला की दोन्ही बाजूंनी केलं, असा अर्थ आपोआप चिकटतो. चेंगराचेंगरी म्हणजे त्यांनी एकमेकांना चेंगरलं. करणारेही तेच, भोगणारेही तेच, आणि तिसरं कुणी वाक्यात नाहीच. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ला, हिवाळी अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पुढे पोलिसांचे अडथळे, मागून येतच राहिलेली माणसं, मग लाठ्या. ११४ जण गेले, त्यात बहुसंख्य बायका आणि मुलं. सरकारदरबारी तीही चेंगराचेंगरीच. शून्य मैलाच्या दगडाजवळ त्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहून 'एकमेकांना चेंगरलं' हे वाक्य कुणी मोठ्याने म्हणून दाखवावं.

मी स्वतः असा एकदा सापडलो होतो. स्टेशनचं नाव सांगत नाही, मुंबईत राहणाऱ्याला आपापलं आठवेलच. पाऊस अचानक वाढला म्हणून पुढचे लोक जिन्याच्या तोंडाशी थांबले आणि मागे दोन गाड्या लागोपाठ रिकाम्या झाल्या. माझ्या पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या बॅगेत स्टीलचा डबा होता. त्याची कड माझ्या उजव्या फासळ्यांत रुतली. मग पाय पायरीवरून सुटले. मी चालत नव्हतो, मला नेलं जात होतं. श्वास सोडला आणि परत घेता येईना, तेव्हा पहिला विचार मरणाचा आला नाही, लाजेचा आला: आता ओरडलो तर लोक काय म्हणतील. डाव्या अंगाला एक मावशी होत्या, भाजीची पिशवी छातीशी कवटाळलेल्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "दादा, हात वर घ्या. छातीपुढे घ्या. आणि बोलू नका." मी कोपरं दुमडून हात छातीपुढे आणले आणि चार बोटांची पोकळी मिळाली. पुढे कुठेतरी वाट मोकळी झाली असावी, रेटा ओसरला. सगळं मिळून अर्धं मिनिट. रात्री आंघोळीच्या वेळी पाहिलं तर फासळ्यांवर डब्याच्या कडेची लाल रेघ होती. त्या जिन्यावर कुणी बेशिस्त वागल्याचं मला आठवत नाही. सगळे कामावर निघालेले होते.

लोक ढकलत नाहीत का? ढकलतात. रांग मोडतात, बॅरिकेडवरून उड्या मारतात, अफवा पसरवतात. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५च्या पहाटे अडथळे ओलांडून आलेला लोंढा झोपलेल्या माणसांवर गेला. तिथे तुडवणं खरंच झालं आणि सरकारी आकड्याप्रमाणे तीस जण मेले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाठीमागून ढकलणारा माणूस बहुतेक वेळा पुढचं पाहू शकत नसतो. त्याला फक्त समोरची पाठ दिसते आणि वाटतं, सरकतील. चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागते आणि तीत लाटा उठतात, हे जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने १९९३मध्येच लिहून ठेवलं. दुर्घटनांनंतर वाकलेल्या लोखंडी कठड्यांवरून त्याने जोराचा अंदाज बांधला तो साडेचारशे किलोच्या वजनाहून जास्त निघाला. त्या जोरापुढे संस्कार काय करणार? पाण्याला शिस्त लावत नाहीत, त्याला बांध आणि सांडवा लागतो. फुलांचा भारा किंवा गाठोडं पडलं हे खरंही असेल. पण सुट्या गर्दीत गाठोडं पडलं तर दोघं अडखळतात, एक जण शिवी देतो आणि सगळे पुढे जातात. अठरा माणसं मरायची तर ती आधीच मरणाच्या इतकी जवळ उभी करून ठेवलेली असावी लागतात.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा मुंबईचा माणूस काढेल, आणि काढावाच. रेल्वेच्या कागदोपत्री आपल्या लोकलमधल्या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव आहे: उभ्याच्या जागेत चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. क्रश म्हणजे चेंगरणंच. रेल्वेने ते नावातच मान्य करून टाकलंय. मग सातला लाटा उठतात तर सोळाला रोज सकाळी डबेच्या डबे मेलेले का निघत नाहीत? मला वाटतं उत्तर डब्याच्या पत्र्यात आहे. डबा भरला की भरला, त्याच्या भिंती पुढची भर थांबवतात. गाडी सुटली की बाहेरचा रेटा तुटतो, आतल्या दांड्या आणि कड्या थोडा भार झेलतात, आणि तीन-चार मिनिटांत पुढचं स्टेशन येऊन दार मोकळं होतं. जिन्यावर यातलं काहीच नसतं. उतार असतो, मागून भर चालूच असते आणि पुढे काय चाललंय ते मागे कळत नाही. लोकल सुरक्षित आहे असंही माझं म्हणणं नाही. तिथली माणसं दारातून पडून मरतात, ती गोष्ट वेगळी. पण रोजच्या सोळाने आपली कातडी इतकी निबर केलीय, की जिन्यावरचे आठ आपल्याला गर्दी वाटतच नाहीत. एल्फिन्स्टनचा नवा पूल व्हावा ही मागणी दुर्घटनेच्या कितीतरी आधीपासून होती. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ला पूल वापरात आला. पाच महिने लागले. मग आधीची वर्षं कशात गेली? प्रवाशांच्या बेशिस्तीत?

आता ती सत्तावीस वर्षांची गोष्ट. १५ एप्रिल १९८९ला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. बाहेर दाटी झाली म्हणून पोलिसांनी मोठं दार उघडलं, पण त्याच्या समोरचा बोगदा बंद केला नाही. माणसं त्या बोगद्यातून थेट आधीच गच्च भरलेल्या, जाळ्यांनी बंदिस्त कप्प्यांत गेली. मृतांचा आकडा पुढे ९७वर गेला. पोलीस अधिकाऱ्याने त्याच दुपारी सांगितलं, की प्रेक्षकांनी दार फोडलं. ते धादांत खोटं होतं. मेलेल्यांच्या रक्तात दारू किती हे तपासलं गेलं, मुलांच्याही. आमच्या ग्रुपवरचे निवृत्त गृहस्थ तिथे असते तर त्यांनाही पुष्कळ अंगठे मिळाले असते. पण मला जास्त चीड येते ती पुढच्या पायरीची. मृत्युसमीक्षकाने, म्हणजे मृत्यूंच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ठरवलं, की ३ वाजून १५ मिनिटांनंतर काय घडलं ते पाहायचंच नाही, कारण ट्रॉमॅटिक अस्फिक्सियात माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, मिनिटांत मरतो, म्हणजे तोवर सगळ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. वैद्यकाचा शब्द असा कुलूप म्हणून वापरला गेला. मदत उशिरा आली का, रुग्णवाहिका आत का सोडल्या नाहीत, हे प्रश्न त्या कुलपामागे गेले. एका पंधरा वर्षांच्या मुलाने चारच्या सुमारास 'आई' असा शब्द उच्चारला अशी मैदानातल्या एका महिला पोलिसाची साक्ष होती, तरीही. २०१२मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले आणि सांगितलं, की ४१ जण वाचू शकण्याची शक्यता होती. २०१६मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा हत्या ठरवले आणि प्रेक्षकांचा दोष नाही असंही स्पष्ट नोंदवलं. 'क्षणात सगळं संपलं' हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक दुर्घटनेनंतर ऐकू येतं. ते कोण म्हणतंय हे ऐकताना बघत जा.

बांधकामाने सगळं सुटतं असा माझा भाबडा समज नाही. हज यात्रेत सैतानाच्या खांबांना खडे मारतात तो मीना इथला जमरात पूल २००६च्या दुर्घटनेनंतर पाडून अनेक मजली बांधला, त्या पुलावर पुन्हा तसं झालं नाही. पण २०१५मध्ये पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन लोंढे समोरासमोर आले आणि हजारांच्या घरात माणसं मेली. रुंद पुलाने फक्त दाटीची जागा मागे सरकवली. म्हणजे बांधकामाइतकाच प्रश्न माणसं कुठे थांबवायची याचा आहे. आपण नेहमी अगदी पुढे थांबवतो: मंदिराच्या दाराशी, जिन्याच्या तोंडाशी, टी-पॉइंटला. तिथे थांबवलं की मागचा सगळा भार पुढच्यांच्या छातीवर येतो. थांबवायचं तर दोन किलोमीटर मागे, उघड्या माळावर, जिथे माणूस कंटाळेल पण गुदमरणार नाही.

'लाखोंना कसं अडवणार' असं म्हणणाऱ्यांनी आळंदीहून निघालेली पालखी पाहावी. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे शेकडो, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, प्रत्येकीची जागा ठरलेली. चोपदाराने चोप वर केला की टाळ थांबतात. ही तीच 'आपली बेशिस्त माणसं'. त्यांना चालायला रस्ता आणि थांबायला तळ मिळतो म्हणून ती शिस्तीत दिसतात. तीच माणसं आषाढीला देवळाजवळच्या अरुंद गल्ल्यांत आली की प्रशासनाचा जीव टांगणीला लागतो. चार दिवसांत त्यांचे संस्कार बदलले का?

विवेकवादी मित्रांशी माझं भांडण इथेच आहे. मांढरदेवीनंतर आपण पशुबळी आणि नवसांवर बोललो. ते बोलायलाच हवं होतं, पण त्या दिवशीच्या मृत्यूंचं ते उत्तर नव्हतं. एल्फिन्स्टनवर कुणी नवस फेडायला निघालं नव्हतं. बंगळूरला ४ जून २०२५ला चिन्नास्वामी मैदानाबाहेर अकरा जण गेले, ते क्रिकेटचा चषक बघायला आलेले. फासळ्यांना देव कळत नाही आणि विराट कोहलीही कळत नाही. मेलेल्याच्या श्रद्धेवर बोलत राहिलो की दाराची रुंदी विचारायची राहून जाते, आणि ज्याने ते दार एवढंच ठेवलं तो आपले आभार मानतो.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे: ८ व्यक्ती, ५४४ किलो. नववा आत शिरला की घंटी वाजते, दार मिटत नाही, आणि जो शेवटी आला तो हसून बाहेर पडतो. त्याच्या शिस्तीवर कुणी बोलत नाही. ते निवृत्त गृहस्थ परवा असेच बाहेर पडले, मी आतच होतो. रामकुंडाकडे जाणाऱ्या प्रत्येक गल्लीची रुंदी टेपने मोजता येते, लांबीही. चौरस मीटरला चार धरून गुणाकार केला की एका वेळी किती माणसं हा आकडा निघतो. तो मोठ्या अक्षरांत गल्लीच्या तोंडाशी लावायचा, आणि खाली आकडा ओलांडू न देण्याची जबाबदारी ज्याची, त्याचं पद आणि फोन नंबर. सिंहस्थाच्या आधी अशी एक तरी पाटी दिसली तर मला फोटो पाठवा.